मायचा आराम

"नेमकं कुठं दुखतं, मावशी?"

द्वारकाबाईनं उजव्या गुडघ्याच्या वाटीवर तळहात ठेवला. "हितं, समोर. लई येळ बसून उठलं की कळ मारती. पायऱ्या उतरताना तं जीव जातो."

"ऑपरेशन लागलं तरी करू, मॅडम," मागं उभा असलेला सोमेश्वर म्हणाला. वसमतहून हिंगोलीपर्यंत त्यानं मायला गाडीत उशीला टेकवून आणलं होतं. ऑपरेशन म्हणताच द्वारकाबाईनं गुडघा घट्ट धरला. खाटेवरच दिवस जायचे आता, तिला वाटलं.

डॉक्टर रुक्सारनं एक्स-रे उजेडावर धरला, बाजूला ठेवला. द्वारकाबाईला आडवं करून पाय ताठ करायला लावला. दोन्ही मांड्या दाबून पाहिल्या. उजवी भिजवलेल्या कणकेसारखी मऊ लागली.

"शेतात जाता?"

"आता न्हाई."

"घरातलं काम?"

"आमी कशालाच हात लावू देत न्हाई मायला," सोमेश्वर छाती फुगवून म्हणाला. "जिंदगीभर राबली. आता चहा बी खाटेवर."

"म्हणूनच दुखतंय," डॉक्टर म्हणाली. "हाडं चांगली आहेत. मांडीतली ताकद गेलीय, त्यामुळे सगळा भार वाटीवर येतो. ऑपरेशन नको. रोज झोपून पाय ताठ उचलायचा, थोडा वेळ धरायचा. सध्या उकिडवं बसू नका, पण चाला. घरात कामं करा. पायऱ्या उतरताना दुखरा पाय आधी टाका."

सोमेश्वरचा चेहरा पडला. "म्हंजे माझंच चुकलं व्हय?"

"तुहं काय चुकलं? मलाबी गोडच लागलं की," द्वारकाबाई म्हणाली, आणि कुणी सांगायच्या आत तिनं पाय ताठ करून उचलला. पाय थरथरला. तिनं ओठ दाबून धरले, पण पाय खाली पडू दिला नाही.

"बराबर," डॉक्टर हसली. "असंच."

दवाखान्याबाहेर पायऱ्या आल्या तसा सोमेश्वर धावला. सवयीनं त्यानं एक हात तिच्या कमरेमागं घातला, दुसऱ्यानं दंड धरला.

द्वारकाबाई वरच्याच पायरीवर थांबली. कठड्याला हात लावला. उजवा पाय खाली टाकला. कळ आली. तिनं ती येऊ दिली.

"हात काढ," ती म्हणाली. "पडले तं धर."