चटईवरचं वादळ

झफीसोआनं चटईवर कोळशानं किनारा ओढला होता. खालची शिंपली तोआमासिना शहर, मधली मानोंपाना, वरची आपलं गाव. रमच्या बाटलीचं बूच म्हणजे वादळ. कॉफीचा दाणा म्हणजे व्होलासोआ, तिची लेक. बापाच्या मातीला निघालेली.

बाप शेजारीच उघड्या पेटीत होता.

सकाळी रेडिओनं वादळ पार उत्तरेला सांगितलं, तेव्हा झफीसोआनंच फोनवर सुनावलं होतं, "वादळाची सबब नको. आज आली नाहीस तर मला मुलगी नव्हतीच म्हणेन." लेक निघाली. मग वादळ खाली वळलं.

"वादळाला बाईचं नाव दिलंय ना, म्हणून सारखी वाट बदलतंय," थोरला मुलगा बेझारा बूच खाली सरकवत म्हणाला.

"पुरुषाचं दिलं असतं तर अजून घरातच लोळत पडलं असतं," झफीसोआ म्हणाली.

कुणी हसलं नाही.

दाणा मानोंपानाच्या शिंपलीला टेकला होता. तिथून लेकीचा फोन आला होता: खाडीवरचा तराफा बंद केलाय, काठावरच्या टपरीत बसलेय. तेवढंच. मग फोन मुका झाला तो झालाच.

"आई, पेटी उचलूया. ओढा चढला की पलीकडं मसणवटीत जाता यायचं नाही. उद्या मंगळवार, मंगळवारी आपल्यात माती देत नाहीत. परवापर्यंत हे घर तरी उभं राहील का?"

"लेकीनं तोंड बघितल्याशिवाय झाकण लागणार नाही. एकदा सांगितलं ना?"

रेडिओ खरखरला. बातम्यांमधली बाई भाजीचे भाव वाचावेत तसं वाचत होती: वादळाचा मध्य मानोंपानाला जमिनीवर येतोय.

बेझारानं बूच उचललं. खाली ठेवेना.

"ठेव की. हाताला काय लकवा मारलाय?"



झफीसोआनं कॉफीचा दाणा उचलला. गुडघ्यावर हात टेकत उठली. पेटीपाशी जाऊन तो नवऱ्याच्या तोंडासमोर क्षणभर धरला. मग परत येऊन वरच्या शिंपलीजवळ ठेवला.

"आली व्होलासोआ. झाकण लाव."

बेझारा तिच्याकडं बघतच राहिला.

"बहिरा झालास? बहीण आलीय तुझी. बापाचं तोंड बघितलं तिनं. ठोक खिळे."

पहिला खिळा बसला. दाराखालून वारा आत घुसला, चटईची कड उचलली गेली, आणि झफीसोआनं दिव्यावर धरावी तशी त्या दाण्यावर दोन्ही हातांची ओंजळ पालथी धरली.