पाठीमागचा माणूस

भिका वाटेत थांबला, खाली वाकला आणि त्याने हात वर केला. सगळे जागच्या जागी थांबले.

"हे बघा. सकाळी आपण ह्याच वाटेनं गेलो. हे बुटांचे ठसे आपले. आणि त्यांच्यावर हा पंजा."

श्रुतीने नवऱ्याचा, चेतनचा, दंड घट्ट धरला. "म्हणजे बिबट्या आपल्या मागे होता?"

"पाठीच होता. आता कुठं आहे ते नाही सांगता येत. बोलू नका, ओळ सोडू नका." वाटाड्या भिका जवळच्याच दुधनी गावचा. हे रान त्याच्या पायाखालचं होतं.

श्रुती आणि चेतन पांढरेफटक पडले. जयवंत राणे मात्र बिबट्याला घाबरला नव्हता. तो ओळीत शेवटून दुसरा होता, आणि त्याला भीती होती ती शेवटच्या माणसाची.

तीन दिवसांच्या जंगलसहलीचा हा दुसरा दिवस. सिल्वासाहून जीप निघाली तेव्हा भिका धरून चौघंच होते. दुधनीला स्वयंपाकाचं सामान पाठीला लावून पाचवा माणूस आला आणि जयवंतने तोंड फिरवलं. तो समाधान होता.

दोन वर्षांपूर्वी जयवंत सिल्वासाजवळ, किलवणीच्या बाजूला, एका कारखान्यात शिफ्ट मॅनेजर होता, तर समाधान तिथला वॉचमन. एका दुपारी पॅकिंग खात्यात आग लागली. मागच्या दाराला कुलूप होतं. आतल्या तिघांना बाहेर पडता आलं नाही. त्यांतला एक नवनाथ, समाधानचा धाकटा भाऊ. त्याला धुळ्याकडून कामाला आणलं होतं ते समाधाननेच.

दुसऱ्या दिवशी कामगारांनी जयवंतची गाडी अडवली, काचा फोडल्या. समाधान त्या गर्दीत ओरडत नव्हता. तो लांब उभा राहून नुसता जयवंतकडे बघत होता. पुढे चौकशी झाली, कुणावरच ठपका आला नाही. जयवंतने नोकरी बदलली, घर बदललं. ती नजर काही गेली नाही. घरात बसून बसून माणूस खंगतोय म्हणून बायकोने, मंगलाने, बळेबळेच ह्या सहलीत त्याचं नाव घातलं होतं.

पहिल्या संध्याकाळी समाधानने चहाचा कप त्याच्या हातात दिला होता.

"साहेब, ओळखलं का?"

"नाही."

"बरं," समाधान म्हणाला. "तीन दिवस आहेत."

जयवंतने तो चहा प्यायला नाही. कुणी बघत नाही असं पाहून झुडपात ओतला.

आता पंजाच्या ठशांवरून पुढे चालताना समाधानच्या पावलांचा आवाज त्याला स्वतःच्या पावलांइतका जवळ ऐकू येत होता. बांबू तोडायचा कोयता समाधानच्या कमरेला होता. जयवंत वाटेच्या कडेला सरला.

"तू हो पुढे. मला फोटो काढायचेत."

"नको साहेब. तुम्ही हळू चालता. मी पाठीच बरा."

उतारावर सागाची वाळकी पानं घोट्यापर्यंत साचली होती. एकाएकी वरच्या झाडांत वानरं खाकरू लागली. भिकाने दोघा नवराबायकोला झाडाच्या बुंध्याशी दाबून धरलं. समोर, वीसेक पावलांवर, बांबूच्या बेटातून बिबट्या निघाला आणि वाटेत उभा राहिला.

"पळू नका!" भिका दबक्या आवाजात म्हणाला.

जयवंतने मागे पाहिलं. समाधानने कोयता काढला होता आणि तो त्याच्याकडेच येत होता.

जयवंत पळाला. चार पावलांत त्याचा पाय पानांवरून सटकला आणि तो घरंगळत खाली ओहोळात जाऊन पडला. कॅमेरा कुठेतरी उडाला. घोट्यातून कळ मस्तकापर्यंत गेली. उठायला गेला, उठता येईना. वरून पानं खसखसत समाधान कोयता घेऊन उतरला.

"समाधान, ऐक... माझं ऐक. मला मुलगी आहे."

समाधान थबकला. त्याने हातातल्या कोयत्याकडे पाहिलं, तो खडकावर ठेवला आणि जयवंतच्या समोर मातीत बसला.

"म्हणजे ओळखलं होतं तुम्ही. साहेब, यादीत तुमचं नाव वाचलं म्हणून ही खेप मी मागून घेतली. एकच विचारायचंय. ते कुलूप मीच लावलं ना?"

जयवंतने दुखरा घोटा दोन्ही हातांनी धरला.

"माल उतरवायला दार मी उघडलं, एवढं आठवतं. परत लावल्याचं आठवत नाही. पण ते काम माझंच. हाताच्या सवयीनं लावलं असणार. तुम्ही तेव्हा पॅकिंगकडं फेरीवर होता, तुम्ही बघितलं असणार. तरी चौकशीत माझं नाव घेतलं नाही." त्याचा आवाज फाटला. "दोन वर्षं भीत होतो, साहेब आज बोलतील, उद्या बोलतील. आता नाही भीत. माय विचारते, माझ्या नवनाथवर दार कोणी लावलं? मी तिच्यासमोर जेवायला बसत नाही. मी लावलं असेल तर तसं सांगा. एकदा कळू द्या."

वरून भिकाची हाक आली. "साहेब! गेलं जनावर! ठीक आहात ना?"

"ठीक आहोत!" जयवंत ओरडला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याने पोटभर श्वास घेतला. मग पुढे सरकून समाधानच्या खांद्यावर हात ठेवला.

"हो, समाधान. मी पाहिलं होतं. तूच लावलंस. पण मी कुणाला बोललो नाही, आणि बोलणारही नाही."

समाधानने त्याचे पाय धरले आणि हंबरडा फोडला.

जयवंत त्याला थोपटत राहिला. त्या दुपारी, कामगार चहाला मागून सटकतात म्हणून कडीला लोंबणारं कुलूप त्याने स्वतःच्या हाताने दाबलं, तेव्हा दाराशी दुसरं कुणीही नव्हतं.