शेगडीमागची ओल

"ओल परत आली," मर्विन प्रोसर गवंड्याला म्हणाला. "तिसऱ्यांदा."

इदवाल गवंड्याने भिंतीवर तळवा टेकवला. भिंतीतल्या जुन्या शेगडीच्या दोन्ही बाजूंना मांडीइतक्या उंचीपर्यंत गिलावा काळपट पडला होता. पोपडे सुटले होते आणि कडेने मिठासारखा पांढरा लोणा फुलला होता. मार्चमध्ये त्याने तो सगळा गिलावा खरवडून काढला होता. मे महिन्यात भिंतीला भोकं पाडून ओल रोखणारं औषध भरलं, ऑगस्टमध्ये नवा चुना चढवला. आता ऑक्टोबर लागला होता.

"दीडशे वर्षांचं घर आहे हे," इदवाल म्हणाला. "भिंतीच्या पायात पाणी अडवायला काही घातलेलंच नाही. जमीन ओली, की भिंत ओली. इतकी वर्षं कोरडी राहिली कशी, तेच मला कळत नाही."

"निगा राखली म्हणून राहिली. या वस्तीत दर वर्षी पन्हळ साफ करणारा माणूस दाखव मला दुसरा."

कोपऱ्यातल्या पलंगावर त्याच्या बायकोला, नेस्टाला, खोकल्याची उबळ आली. तिची छाती अधू होती. जिना चढवेना, म्हणून सहा वर्षांपूर्वी मर्विनने तिचा पलंग खाली या खोलीत आणला होता. धूर सोसवत नाही म्हणून शेगडी बुजवून टाकली होती. पुढची खोली याहून गार. आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, ही ओल गेली नाही तर नाताळ हॉस्पिटलात काढावा लागेल.

"पूर्वी मी या भिंतीला पाठ टेकून विणत बसायचे," खोकला थांबल्यावर ती म्हणाली.

"पूर्वी तुझं वय कमी होतं," मर्विन करवादला.

इदवाल हत्यारं आवरू लागला. "भिंत या आणि शेजारच्या घराला मिळून एकच आहे. एकदा पलीकडून बघायला हवं."

मर्विनला जणू चोर सापडला. पलीकडचं घर हेडन बेव्हनचं. नऊ वर्षांपूर्वी क्लबातल्या भाजीप्रदर्शनात हेडनला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा मर्विनने चारचौघांत म्हटलं होतं, "या कांद्याच्या पाती याच्या वाफ्यातल्या नाहीतच, मेव्हण्याकडून आणल्यात." त्या दिवसापासून दोघांत अवाक्षर नाही. फेब्रुवारीत हेडन गेला. नेस्टाने अंत्यविधीला फुलं पाठवली. मर्विन त्या दिवशी पन्हळ साफ करत होता.

"मेला तरी पाठ सोडत नाही," तो म्हणाला आणि कोट चढवून निघाला.

हेडनची मुलगी डेलिथ दर शनिवारी घर आवरायला यायची, आजही आली होती. तिने दार उघडताच मर्विनने नऊ वर्षांची वाफ मोकळी केली.

"तुझ्या बापाने हयातभर छळलं. भर उन्हाळ्यात कोळसा जाळायचा, आमचे दोरीवरचे कपडे काळे करायचा. आता त्याच्या भिंतीतली ओल माझ्या बायकोच्या छातीत शिरतेय. घर विकायच्या आधी ही भिंत दुरुस्त करून दे. नाहीतर मी वकिलाकडे जातो."

डेलिथने सगळं ऐकून घेतलं. हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

"आत या, मर्विनकाका."

मागची खोली रिकामी होती. खुर्ची नाही, सतरंजी नाही, भिंतीवर एक फोटोही नाही. शेगडीत मात्र राख होती आणि खिडकीखाली कोळशाचा ढीग.

"सामान हलवलंस का?" मर्विनने विचारलं.

"इथे सामान नव्हतंच. बाबा स्वयंपाकघरात बसायचे, तिथेच जेवायचे. थंडी वाजली तर दोन स्वेटर घालायचे. पण शेगडी इथली पेटवायचे. रोज, जुलैमध्येसुद्धा. शेवटची तीन वर्षं कंबर धरून कोळसा वाहायचे."

"रिकाम्या खोलीत?"

"मी पण हेच म्हणायचे. भांडायचे त्यांच्याशी. एकदा चिडून कोळशाची बादलीच लपवली, तेव्हा कुठे बोलले." डेलिथ शेगडीकडे बघत होती. "म्हणाले, पलीकडे नेस्टा झोपते. भिंत गार पडली की ओल चढेल, आणि तिला ते झेपायचं नाही."

मर्विनने भिंतीवर हात ठेवला. बर्फासारखी गार होती.

"मला का नाही सांगितलं?" त्याने विचारलं.

"मी म्हटलं होतं, सांगा एकदा त्यांना. तर म्हणाले, 'नको. मर्विनला कळलं, तर येऊन स्वतःच्या हाताने विझवून जाईल.'"