फोनवरचं निदान

गाण्याच्या बाईंच्या लेकीला परगावी मुलगा झाला होता आणि इकडे बाईंची जुनी मोटार ढिम्म हलेना. कुणी बॅटरी बदलली, कुणी पंप बदलला, सगळ्यांनी हात टेकले. गॅरेजवाल्या उस्तादांना मात्र पक्का संशय होता, इंजिनाला हुकूम सोडणारा कॉम्प्युटरच गेलाय. खात्री करायची त्यांची रीत साधी होती. तसल्याच दुसऱ्या गाडीतला चांगला कॉम्प्युटर तात्पुरता लावून बघायचा. सकाळी घरून निघतानाच त्यांनी तो पिशवीत टाकून आणला होता.

तो लावून किल्ली फिरवली मात्र, मोटार अशी गुरगुरली की बाईंनी भर गॅरेजात तान घेतली. "उस्ताद, तुमच्या हातात जादू आहे हो."

उस्ताद कौतुकानं असे काही फुलले की त्यांनी स्वतःच दार उघडून बाईंना गाडीत बसवलं. "आता कुठं थांबू नका बाई, थेट नातवाला मांडीवर घ्या."

बाई हॉर्न वाजवत सुसाट गेल्या. उस्ताद शीळ घालत हात पुसत होते, तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, आपली गाडी सुरूच होत नाहीये. आई नटूनथटून कधीची मागं बसलीये. कालपर्यंत तर चांगली चालत होती, काय झालं असेल हो?"

उस्तादांची शीळ ओठातच विरली.

"काही नाही गं," ते रिकाम्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "तिचा कॉम्प्युटर नातवाला बघायला गेलाय."