सागवानी वॅगनचा सौदा

"लाकूड कुठलं?" पुण्याच्या पाहुण्यानं जुन्या स्टेशन वॅगनच्या कुशीवर टिचकी मारली.

"सागवान," केरबा सुतार म्हणाला. कुजलेली चौकट काढून त्यानं नवी बसवली होती. पॉलिशात आता तोंड दिसत होतं. गाडी चालू झाली की विकून अंगण मोकळं करीन, असा शब्द त्यानं बायकोला दिला होता. म्हणूनच इतकी वर्षं ती चालू होत नव्हती. गेल्या आठवड्यात मात्र बायकोच्या देखतच चुकून चालू झाली.

पाहुण्यानं विसार द्यायला खिशात हात घातला. केरबाचा हात काही पुढे होईना. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"दादा, एक सांगते. आमच्यात गाडी लेकीसारखी देतात. पहिल्या वर्षी आखाडभर माहेरी. पंचमीला माहेरी. दिवाळी-दसऱ्याला हे स्वतः न्यायला येतील."

"मग माझ्याकडे कधी राहणार?"

"मधल्या दिवसांत. पण उन्हात उभी करायची नाही."

चहा संपवून पाहुणा विसारासकट परत गेला.

आभार मानायची केरबाच्या घराण्यात पद्धत नव्हती. त्यानं पुढचं दार उघडून धरलं.

"बस. रंकाळ्याला चक्कर मारू."

"थांबा," ती म्हणाली, "चांगलं लुगडं नेसून येते."