बेंबी जागेवर हाय

पिंपळवंडीत कुणाचं पोट दुखलं की बेंबी बसवायला रखमाजीचा थोरला भाऊ, सावळेरामदादाच लागायचा. खुद्द रखमाजीच्या बेंबीखाली घणाचे ठोके पडायला लागले, पाठ ठणकायला लागली, तेव्हा तेल चोळत दादा म्हणाला, "ठोका लागतोय न्हवं? मंजी बेंबी जागेवर हाय. दवाखान्याचं खूळ सोड."

शेवटी बायकोनं पुण्याला नेलं. डॉक्टरांनी पोट उघडून सुजून फुगलेली मुख्य रक्तवाहिनी बदलली आणि शुद्धीवर आल्यावर रखमाजीला विचारलं, "हा आजार रक्ताच्या नात्यात असतो. घरात आणखी कुणाला झाला होता?"

"नाय, साहेब."

संध्याकाळी दादा भेटायला आला. पिशवी खुंटीला अडकवायला त्यानं हात उंचावले, तसा सदरा वर सरकला.


दादाच्या पोटावरही छातीपासून बेंबीखालपर्यंत रखमाजीसारखीच उभी शिवण होती, जुनी होऊन पांढरी पडलेली.