खुशीचं गाणं

विलायतेत लढाई लागली त्या सालची गोष्ट. हिंगोलीच्या एका जिनात कापसातला कचरा निवडणाऱ्या बंजारा तांड्याच्या बाया गात गात काम उरकायच्या. नव्या मॅनेजरनं आल्या आल्या गाणं बंद केलं, मग बोलणंही. जिचं तोंड हललं, तिचं हजेरीतलं नाव कापलं. दिवाळीपासून चौघी घरी बसल्या. उरलेल्यांचे हात असे जड झाले, की सकाळचा ढीग संध्याकाळी तेवढाच दिसायचा.

तेवढ्यात शेठ येणार असल्याची वर्दी आली. मॅनेजर त्यांच्यात गाणं धरणाऱ्या भिकाबाईपुढं येऊन उभा राहिला.

"उद्या शेठसमोर सगळ्यांनी गायचं. खुशीत दिसलं पाहिजे. नाहीतर सगळ्यांचीच नावं कापतो."

भिकाबाईनं खूप आठवून पाहिलं. "खुशीचं येकबी याद येऊन न्हाई राहिलं, साहेब."

"मग येतं ते गा."

दुसऱ्या दिवशी तिनं तांड्याच्या बोलीत सूर धरला. पहिल्या ओळीत स्वतःचं नाव घातलं, दुसरीत शेजारच्या जिवनबाईचं, मग पुढच्या एकेकीचं. जिचं नाव येई, ती पदर तोंडाशी नेई. बोली कळत नसली तरी शेठनं मान डोलावली. मॅनेजर छडीनं ठेका धरत म्हणाला, "वा, सगळ्यांची नावं गुंफलीस की. हेच रोज म्हणायचं."

"व्हय, साहेब," भिकाबाई म्हणाली.

 

तांड्यात ते गाणं मढ्याजवळ बसून म्हणतात, मेलेल्याचं नाव घेऊन.